फ्लॅटच्या हॉलसाठी परवडणारा सबवूफर: मोजपट्टीपासून रिसीव्हरच्या सेटिंगपर्यंत

सबवूफर (थोडक्यात ‘सब’), म्हणजे बेस, अर्थात खालचे जाड सूर, वाजवणारा वेगळा स्पीकर. तो घेताना बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकापासून होते. आधी मॉडेल ठरतं, मग ते घरी येतं, टीव्ही युनिटशेजारी जिथे जागा उरली असेल तिथे बसतं आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते. एक तर बेस नुसता घुमतो, नाहीतर ऐकूच येत नाही. दोष वस्तूच्या माथी जातो. पण अशा घरी जाऊन पाहिलं की बऱ्याचदा वस्तू ठीकच असते. खोली कोणी मोजलेली नसते आणि रिसीव्हरमधली दोन-तीन सेटिंग चुकलेली असतात.

म्हणून क्रम पाळा. दुकान या क्रमात पाचव्या पायरीवर येतं, आणि त्याआधीच्या चार पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही. हा लेख सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सब चालवणारा) साधा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटून देणारा डबा, लहान किंवा मध्यम स्पीकर आणि आखडता हात, असं गृहीत धरलंय. बजेटबद्दल माझं मत एवढंच की, रिसीव्हर आणि स्पीकर मिळून जेवढा खर्च करणार असाल त्याचा पाव ते एक तृतीयांश भाग सबवूफरसाठी बाजूला ठेवा. त्याहून कमी ठेवला तर बहुधा वर्षभरात दुसरा घ्यावा लागतो.

पायरी १: खोली आणि सोफ्याची जागा मोजा

लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या आणि गुणाकार करा. ११ बाय १६ चा हॉल आणि साडेनऊ फूट उंची असेल तर साधारण १,६७० घनफूट. हॉलला लागून उघडं डायनिंग असेल, मधे दार नसेल, तर तेही मोजायचं. १० बाय ९ चं डायनिंग धरलं की आकडा २,५०० च्या वर जातो. बेसला फर्निचरची मांडणी कळत नाही. हवा जिथवर मोकळी आहे तिथवर तो पसरतो. सर्वांत जास्त गफलत इथेच होते: ‘आमचा हॉल लहानच आहे’ म्हणत आठ इंची (आठ इंच व्यासाच्या पडद्याचा) सब घेतला जातो आणि त्याला स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंतची जागा भरावी लागते.

आता दुसरं गणित. ५६५ ला खोलीच्या लांबीने, मग रुंदीने, मग उंचीने भागा. वरच्या हॉलसाठी उत्तरं येतात साधारण ३५, ५१ आणि ५९ हर्ट्‌झ. (हर्ट्‌झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा.) या सुरांना ती खोली स्वतःच घुमते. आपल्याकडच्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंतींतून बेस सहज बाहेर झिरपत नाही, त्यामुळे हा घुमारा चांगलाच जाणवतो. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात आणि तिथले बरेच रिव्ह्यू अशा खोल्यांत बसून लिहिलेले असतात. त्यातलं ‘बेस कमी पडतो’ हे वाक्य आपल्या बंद हॉलला जसंच्या तसं लागू होत नाही.

सोफा कुठे आहे ते कागदावर आखा. तो लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर ३५ हर्ट्‌झचा सूर तिथे जवळजवळ गायब होतो. कितीही महागडा सब आणला तरी तो परत येत नाही. मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोच सूर फुगून येतो. सोफा दीड-दोन फूट पुढे-मागे सरकवता येतो का, हे आत्ताच घरच्यांशी बोलून घ्या.

*तपासा:* घनफूट, तीन सूर आणि सोफ्याची जागा, एवढं कागदावर आलं का? आलं नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: रिसीव्हरची मागची बाजू पाहा

रिसीव्हर पुढे ओढा, टॉर्च घ्या आणि मागे ‘सब प्री आउट’ किंवा ‘सबवूफर आउट’ असं लिहिलेली एक गोल आरसीए पिन शोधा. ती असेल तर कुठल्याही कंपनीचा पॉवर्ड सबवूफर, म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो तो, लागेल.

काही तयार होम थिएटर सेटमध्ये ही पिन नसते. त्यांचा सब पॅसिव्ह असतो, मुख्य डब्यातून थेट वायरने चालतो. तिथे बाहेरचा सब जोडायचा हट्ट धरू नका, आधी रिसीव्हर बदलायची वेळ आली आहे असं समजा. साउंडबारचा वायरलेस सबही असाच: तो सहसा आपल्याच साउंडबारशी जोडी जमवतो. ‘नुसता सब स्वस्तात मिळतोय’ म्हणून तो उचलला तर घरी शोभेचा डबा होऊन बसेल.

जुना स्टीरिओ अॅम्प्लिफायर असेल आणि त्याला सब आउट नसेल, तर स्पीकरच्या वायरी घेणारं ‘हाय लेव्हल’ इनपुट असलेला सब शोधा. जोडण्याआधी दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तिका वाचा, कारण काही अॅम्प्लिफायरांची काळी टर्मिनल एकमेकांना जोडलेली चालत नाहीत.

पायरी ३: कागदावरचे आकडे नीट वाचा

खोक्यावर सगळ्यांत मोठा छापलेला आकडा सगळ्यांत कमी कामाचा असतो. ‘पीएमपीओ’ असं जिथे दिसेल तिथे थेट दुर्लक्ष करा. ‘पीक’ किंवा ‘डायनॅमिक’ आकडा क्षणभराचा असतो. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे, वॉट तेवढे पाहा, आणि त्यांनाही फार डोक्यावर बसवू नका. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५० आणि ७५ वॉटमधल्या फरकापायी पाच हजार रुपये जास्त मोजणं म्हणून व्यर्थ.

खरा आकडा आहे तो किती खाली उतरतो याचा, आणि त्याच्यापुढे कंसात काय लिहिलंय याचा. ‘उणे ३ डीबी’ (डीबी म्हणजे डेसिबल) लिहिलं असेल तर त्या सुरापर्यंत सब भरवशाचा. ‘उणे १० डीबी’ असेल तर तिथे आवाज निम्म्यावर आलेला असतो. काहीच लिहिलं नसेल तर तो आकडा जाहिरातीचा समजा. ‘पोल्क पीएसडब्ल्यू १०’ हा बरीच वर्षं स्वस्तात विकला गेलेला दहा इंची सब घ्या. त्याची एकूण मर्यादा ३५ हर्ट्‌झ अशी छापलेली असते, पण उणे ३ डीबीची मर्यादा ४० आहे, आणि वॉट १०० डायनॅमिक पण सलग ५०. कंपनीने दोन्ही आकडे दिलेत, हे चांगलंच. तुलना करताना मात्र एकाचे ३५ आणि दुसऱ्याचे उणे ३ डीबीवाले ३८ असे शेजारी ठेवू नका.

मग किती खाली हवं? बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झची. गाणी, क्रिकेट, वेब सिरीज एवढंच असेल तर ४० पर्यंत प्रामाणिकपणे उतरणारा सब पुरतो. स्फोट, गडगडाट, जहाजांची इंजिनं यांचा मोठा भाग ३० च्या आसपास आणि खाली असतो. ज्यांना सिनेमासाठीच सब हवाय त्यांनी उणे ३ डीबीला ३० किंवा त्याखाली मिळतो का ते बघावं, आणि त्यासाठी दोन-चार महिने थांबून पैसे जमवावेत.

विसर्जन मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’च्या भिंतीसमोर छातीवर बसते तशी धमक घरात हवी, असं अनेकांना वाटतं. त्या धमकेतला बराचसा भाग ५० ते १०० हर्ट्‌झचा असतो आणि साधा सबही तो काढतो. सिनेमातला खोल बेस वेगळा; तो कानापेक्षा सोफ्यातून जास्त कळतो. दुकानात हा फरक डोक्यात ठेवा.

पायरी ४: आकार आणि पेटीचा प्रकार ठरवा

पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या: पूर्ण बंद, आणि भोक किंवा फट असलेली, म्हणजे पोर्टेड. बंद पेटीचा आवाज खालच्या बाजूला हळूहळू उतरतो, दर सप्तकाला साधारण १२ डेसिबल. पोर्टेड पेटी तिच्या ठरलेल्या सुरापर्यंत जोरकस चालते आणि त्याखाली २४ डेसिबलने झपकन कोसळते. त्याच पैशांत पोर्टेड पेटी सिनेमासाठी जास्त दम देते. बंद पेटी लहान असते आणि दार लावलेल्या छोट्या खोलीत भिंतींची मदत मिळाल्याने तीही बरीच खाली पोहोचते.

इंचांचा ढोबळ हिशेब असा. १,५०० घनफुटांखालच्या बंद खोलीत चांगला आठ किंवा दहा इंची चालतो. तिथून २,५०० पर्यंत दहा इंचाच्या खाली जाऊ नका. त्यापुढे, किंवा हॉल-डायनिंग एकत्र असेल तर, बारा इंची पोर्टेड. आठ आणि बारामध्ये फरक चार इंचांचा दिसतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. आठ इंची सबला मोठ्या हॉलमध्ये जोर लावायला लावलं की तो पोर्टमधून फुसफुसतो आणि कोन, म्हणजे हाच पडदा, ताणला जाऊन आवाज फाटतो.

पोर्ट मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून किमान वीतभर अंतर लागतं, आणि खाली असेल तर पेटीचे पाय काढायचे नाहीत. टीव्ही युनिटच्या कप्प्यात सब कोंबायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. लाकडी कप्पा स्वतः वाजायला लागतो.

*सावधान:* अमेरिकेहून कोणी आणून देणार असेल तर पेटीच्या मागे, वायरच्या खाचेजवळ छापलेला व्होल्टेज आकडा फोटोतून आधी मागवा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो जोडल्याक्षणी जळेल. जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, विमानातलं वजन आणि इथे न चालणारी वॉरंटी हे सगळं मिळवलं की स्वस्ताई बहुतेक वेळा संपते. ११५ आणि २३० चा बदलता स्विच असेल तर गोष्ट वेगळी, पण तो आधी २३० वर करा आणि मगच पिन लावा.

पायरी ५: आता दुकान

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा तुमच्या गावातलं ओळखीचं दुकान. सोबत तीन गोष्टी न्या: पायरी १ चा कागद, फोनला जोडता येणारी आरसीए केबल (फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा अॅडाप्टरही), आणि फोनमध्ये २० ते १०० हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा ‘स्वीप’ सूर. त्याशिवाय बेसची चाल तुम्हाला तोंडपाठ असलेलं एखादं गाणं ठेवा.

दुकानदार जे वाजवून दाखवतो ते त्याला सोयीचं असतं. डेमोची खोली लहान, सब कोपऱ्यात, बेस चढवलेला. नम्रपणे सांगा की टोन कंट्रोल शून्यावर ठेवून माझं गाणं लावा. बेसच्या चालीतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू आला पाहिजे. सगळे स्वर एकाच ‘ढुम्म’मध्ये विरघळत असतील तर एक तर खोली वाईट आहे किंवा सब. सबला कोपऱ्यातून दोन फूट बाहेर ओढून पुन्हा ऐका, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल.

मग मध्यम आवाजात स्वीप लावा. कुठल्या आकड्याला आवाज उचलतो, पोर्ट फुसफुसतो का, पेटीत काही सैल वाजतं का, हे टिपा.

*सावधान:* पोर्टेड सबवर २० हर्ट्‌झचा सूर मोठ्याने वाजवत ठेवू नका. पोर्टच्या ठरलेल्या सुराखाली हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलतो आणि कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, मागच्या बाजूला आदळून कायमची खराब होऊ शकते. स्वतःच्या घरी सुद्धा हे लक्षात असू द्या.

जुना घेत असाल तर आणखी दोन मिनिटं द्या. कोनच्या कडेची गोल पट्टी फोमची आहे की रबराची? मुंबई-कोकणच्या दमट हवेत फोम भुगा होतो. बोटाला चिकटला तर सोडून द्या. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच, सरळ आत दाबा. आतून खरखर आली तर कॉइल घासतेय. शेवटी ऑडिओ केबल काढून नुसती वीज चालू ठेवा. दोन हातांवरून ऐकू येणारी भणभण असेल तर आतला अॅम्प्लिफायर बोर्ड थकलाय, आणि दुरुस्तीत सबच्या किमतीचा मोठा हिस्सा जाईल.

पक्कं बिल घ्या, परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या, आणि खोकं मुदत संपेपर्यंत लॉफ्टवर जपून ठेवा.

पायरी ६: घरात जागा शोधा, गुडघ्यांवर बसून

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि स्वस्त सब महागासारखा वाजायला लागतो तो हिच्यामुळेच. दुपारी करा, शेजारी कामावर असतील तेव्हा.

सब उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्याच जागी ठेवा. विचित्र दिसेल, पण ध्वनीचा नियम असा की बोलणारा आणि ऐकणारा यांची जागा बदलली तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो. ठरलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावा. आता ज्या ज्या ठिकाणी सब ठेवणं शक्य आहे तिथे जा, गुडघ्यांवर बसा आणि डोकं सबच्या उंचीला आणा. चपलांच्या कपाटाजवळ, टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना, बाल्कनीच्या दारालगत, सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात. एका ठिकाणी बेस छाताडावर येईल, पण एकच स्वर. दोन फुटांवर सरकलात की तोच बेस पातळ होईल. जिथे चालीतले सगळे स्वर साधारण सारख्या ताकदीने येतात तिथे फरशीवर चिकटपट्टी लावा. अशा दोन-तीन जागा निघतील. त्यातली घरच्यांना चालेल ती निवडा.

मोठ्याने वाजते ती जागा निवडू नका, समान वाजते ती निवडा. आवाज नॉबने वाढवता येतो. मध्येच गायब होणारा स्वर कशानेच वाढत नाही.

फोनवरच्या डेसिबल अॅपने मोजणार असाल तर एकाच सुराची दोन जागांमधली तुलना करण्यापुरतंच त्याच्यावर विसंबा. फोनचे माइक खालच्या सुरांना बहिरे असतात. नीट मोजायची हौस असेल तर ‘आरईडब्ल्यू’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोजणीचा माइक मात्र विकत घ्यावा लागतो.

पायरी ७: जोडणी

रिसीव्हरच्या सब आउटपासून सबच्या ‘एलएफई’ (सिनेमातल्या खालच्या सुरांचा खास ट्रॅक) इनपुटला एक चांगली शील्ड असलेली आरसीए केबल पुरते. सबला डावं-उजवं अशी दोन भोकं असली तरी एलएफई लिहिलेलं एकटं चालतं. एकाची दोन टोकं करणाऱ्या वाय केबलची सक्ती नाही. केबल विजेच्या वायरीला समांतर, एकाच पट्टीतून नेऊ नका.

जोडल्यावर सतत ‘हूं’ असा आवाज आला तर घाबरून सब परत करू नका. आधी रिसीव्हर किंवा टीव्हीमधून केबल टीव्हीची किंवा डिशची जाड गोल वायर काढून पाहा. हूं थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. रिसीव्हर, सब आणि सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डवरून चालवा. त्याने भागलं नाही तर त्या केबलसाठी आयसोलेटर लावा.

*सावधान:* हूं घालवायला प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणं किंवा तोडणं हा जिवाशी खेळ आहे. कोणी इलेक्ट्रिशियनने सुचवलं तरी नको.

पायरी ८: रिसीव्हरची सेटिंग, याच क्रमाने

आधी सबवरचे नॉब. क्रॉसओव्हर किंवा लो-पासचा नॉब (ज्या सुराच्या वरचं सब वाजवत नाही ती सीमा) शेवटपर्यंत वर न्या, किंवा स्विच असेल तर ‘एलएफई’वर टाका. गाळणीचं काम रिसीव्हर करणार आहे. सबवर ६० आणि रिसीव्हरमध्ये ८० ठेवलं तर मधला भाग कोणीच वाजवत नाही, आणि पुरुषी आवाज, तबल्याचा डग्गा सगळं पोकळ होतं. व्हॉल्यूम निम्म्यावर, फेज (सब आणि स्पीकर यांच्या कंपनांची जुळणी) शून्यावर.

मग रिसीव्हरचं स्वयंचलित मोजमाप चालवा. डेनॉनमध्ये ते ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ नावाने असतं. पंखे, एसी बंद. माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला, कॅमेऱ्याच्या स्टँडवर. उशीवर किंवा हातात धरून नाही.

ते संपल्यावर मेन्यू उघडून हे बघा, कारण यंत्र काही गोष्टी चुकवतं. सबची लेव्हल उणे १२ सारख्या टोकाला गेली असेल तर सबचा नॉब थोडा खाली करून मोजमाप पुन्हा करा. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, जमिनीवर उभे राहणारे असले तरी, कारण बेसचा भार सबवर गेला की तेही मोकळे वाजतात. क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झ. मुठीएवढे सॅटेलाइट असतील तर १०० किंवा १२०. मात्र इतकं वर नेलं की आवाज कुठून येतोय ते कळू लागतं, तेव्हा सब समोरच्या बाजूलाच हवा. ‘एलएफईचा लो-पास’ असा वेगळा पर्याय असेल तो १२० वर राहू द्या. ‘एलएफई प्लस मेन’ बंद.

सबचं अंतर खऱ्यापेक्षा काही फूट जास्त दाखवत असेल तर हात लावू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

फेजसाठी ८० हर्ट्‌झचा स्थिर सूर लावा आणि सोफ्यावर बसून दुसऱ्या कोणालातरी फेजचा स्विच ० आणि १८० करायला सांगा. जिथे आवाज भरून येतो ती बाजू बरोबर.

*तपासा:* एवढं करूनही सिनेमात दम नसेल तर टीव्हीचा साउंड मेन्यू उघडा. तिथे डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर रिसीव्हरला बहुतेक वेळा नुसता स्टीरिओ मिळतो आणि ५.१ मधला ‘.१’, म्हणजे सबसाठीचा खास ट्रॅक, वाटेतच गळतो. तो ‘ऑटो’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर आणा. सेट-टॉप बॉक्समध्येही डॉल्बी चालू आहे का ते पाहा. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल अशी खूण उमटली पाहिजे.

पायरी ९: खडखडाट आणि खालचा मजला

पुन्हा तो स्वीप, हळू आवाजात. शोकेसची काच, फोटोफ्रेम, सरकत्या खिडकीची पट्टी, पीओपीतला दिवा, स्टीलचे डबे. प्रत्येकाचा ठरलेला सूर असतो आणि तो आला की वस्तू बोलते. एकाने सूर थांबवायचा, दुसऱ्याने हात लावून ती शोधायची. फेल्टचे तुकडे आणि दुहेरी टेप यांनी बहुतेक सगळं शांत होतं. सबचा म्हणून सांगितला जाणारा आवाज कित्येकदा शोकेसचा निघतो.

सबखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड ठेवा. पेटीची थरथर स्लॅबमध्ये उतरणं त्याने कमी होतं. हवेतून जाणारा बेस मात्र पॅड अडवत नाही, हे विकणारा सांगत नाही.

नियमांनुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. पण ही मोजणी ‘ए’ भारांकाने, म्हणजे खालचे सूर कमी धरणाऱ्या पद्धतीने, होते आणि ४० हर्ट्‌झचा सूर त्यात जवळपास ३५ डेसिबलने कमी दिसतो. म्हणजे अॅपवर आकडा मर्यादेत दिसत असताना खालच्या घरातल्या आजींची झोप उडालेली असू शकते. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: नेहमीच्या आवाजात सिनेमाचा गडगडाटाचा तुकडा चालू ठेवा, खाली जा, त्यांना विचारून त्यांच्या बेडरूममध्ये दोन मिनिटं उभे राहा. मग वर येऊन सबची लेव्हल तिथे काही जाणवेनासं होईपर्यंत उतरवा आणि तो आकडा लिहून ठेवा. ती तुमची रात्रीची लेव्हल. दहानंतर ती लावा आणि रिसीव्हरचा नाइट मोड किंवा डायनॅमिक कॉम्प्रेशन चालू करा, म्हणजे संवाद ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागणार नाही आणि स्फोटाला अचानक स्लॅब हादरणार नाही.